कुंकवाचं बोट

नलिनीला जाऊन आठ महिने झाले होते. तिचं मन कपाटातल्या यंत्रात होतं आणि परक्यांना तिच्यात शिरू न देणारी फायरवॉल त्याशेजारी. दसऱ्याला नलिनी यंत्रांना नुसतं कुंकवाचं बोट टेकवायची. यंदा तिच्या नवऱ्याने, दामोदरने, मूठभर वाहिलं. पूजेसाठी बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू होता होता अर्ध्यावरच अडकली.

“काका, आंघोळ घातलीत की काय?” व्हिडिओ कॉलवर तंत्रज्ञ मुलगी ओरडली. “आधी जाळीतलं कुंकू झाडा! दार सताड उघडं आहे.”

त्याने ब्रश फिरवला, बटण दाबलं. अखेर हिरवा दिवा स्थिर झाला.

“अहो, दार लावलंत?” नलिनीने विचारलं.

“लावलं गं. आता कुणी आत येणार नाही.”

“मग माझ्याशेजारी हे कोण बसलंय?”