चौथ्या फाऊलची शिस्त

"ती स्कोअरच्या टेबलावर बसणार असेल, तर मी संघ उतरवणार नाही," व्हर्जिल स्ट्रो म्हणाला.

क्रीडाप्रमुख पोकॉर्नीने कागदांतून मानही वर केली नाही. "अर्लिस एकोणीस वर्षं स्कोअरची वही लिहितेय. तुमचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. आजच काय बिघडलं?"

"आज हरलो तर तू मला घरी बसवणार, म्हणून. तिलाही ते ठाऊक आहे. वाद झाला की घरच्या संघाची वही खरी धरतात, आणि त्या वहीवर ती बाई पेन्सिल घेऊन बसलीय. माझ्या संघातल्या पोराच्या नावावर एक फाऊल जास्तीचा ठोकला, की संपलं."

"आजवर कधी ठोकला?"

"आजवर एवढी चांगली संधी आली नव्हती."

पोकॉर्नी हसला नाही. "गणिताच्या टेड्रोला बसवतो. पण मग नंतर रडायचं नाही."

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पार पश्चिमेचं हे दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेली पोरं इथे यायची. बास्केटबॉलचा कोच म्हणून व्हर्जिल त्यांना दमात घ्यायचा, सामन्याची बस स्वतः हाकायचा, जर्सी स्वतः धुवायचा. बाकी सगळं इतरांसारखंच. एका गोष्टीसाठी मात्र तीन राज्यांत त्याचं नाव होतं. एकोणीस वर्षांत घरच्या मैदानावर त्याचा एकही खेळाडू पाच फाऊल होऊन बाहेर गेला नव्हता. उन्हाळ्यात दुसरे कोच त्याच्या शिबिराला वह्या घेऊन बसत. विषय एकच: चौथ्या फाऊलनंतर हात कसा आवरायचा.

आज समोर असलेल्या संघाचा कोच डच यॉस्ट दरवर्षी तोच टोमणा मारायचा. "तुझी पोरं काय चर्चमधून थेट मैदानात येतात का रे?"

"वळण लागतं, डच. तू जरा लवकर उठत जा."

दुपारी दीडला व्हर्जिल टेबलापाशी गेला. अर्लिस पेन्सिलींना टोक काढत होती. टेबलावरचा खोडरबराचा भुगा तिने हाताने खाली झाडला.

"ऊठ. आज टेड्रो लिहील."

ती उठली.

"एका मोसमात बालवाडीला पुरतील एवढी खोडरबरं लागतात तुला," तो म्हणाला. "माणसाने एकदाच लिहावं, नीट लिहावं."

"तू शिकवू नकोस. लग्नाच्या अर्जावर माझी जन्मतारीख चुकवली होतीस." तिने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. "जुन्या वह्या आत आहेत. टेड्रो फार सरळ माणूस आहे, व्हर्जिल."

"म्हणूनच बसवलाय."

"बघ बाबा."

ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली आणि कागदात गुंडाळलेला बीरॉक खाऊ लागली. तिच्या आईच्या पद्धतीचा भाजलेला पाव, आत खिमा आणि कोबी.

"कोच, आज मॅम नाहीत टेबलावर?" रोडेल स्पायव्हीने विचारलं. संघाचे निम्मे गुण हा एकटा करायचा.

"तू चेंडूकडे बघ."

उत्तरार्धाची नऊ मिनिटं उरली असताना रोडेलने एकाच्या हातावर फटका मारला. शिट्टी झाली आणि मागोमाग टेबलावरचा भोंगा वाजला. कशाचा, ते क्षणभर कुणालाच कळेना. टेड्रो उभा राहिला आणि त्याने पाच बोटं वर केली.

"मोजता येतं का तुला?" व्हर्जिल त्याच्या अंगावर धावून गेला. पंचाने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. यॉस्टच्या वहीतही पाचच होते.

रोडेलने टॉवेल जमिनीवर आपटला. "घरच्या मैदानावर?"

चार मिनिटांनी भोंगा पुन्हा वाजला. शेवटच्या मिनिटात तिसऱ्यांदा. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "स्ट्रो, शिबिराची फी परत कर!" बाकीच्यांनी बाक बडवले. सामना एका गुणाने गेला.

यॉस्टने हात मिळवला तो सोडेचना. "तुझी पोरं आज चर्चला गेली नव्हती वाटतं."

पोकॉर्नी दाराशीच उभा होता. "सोमवारी येऊन खोली रिकामी कर."

"एका दिवसावरून? त्या मास्तराला जरा जास्तच चेव चढला होता!" व्हर्जिलचा आवाज चिरकला. "माझ्याकडे एकोणीस वर्षांचा पुरावा आहे. सगळ्या वह्या आहेत. एकेक सामना दाखवतो तुला."

पोकॉर्नीने घड्याळ पाहिलं. "आण. पाच मिनिटांत येतो तुझ्या खोलीत."

वाटेत अर्लिस कोटाची बटणं लावत होती.

"भरलं पोट?" त्याने विचारलं.

"कोबी जरा कमी पडला." मग तिने त्याच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "व्हर्जिल, वह्या राहू देत."

"का? घाबरलीस?"

"हो," ती म्हणाली.

वर जाऊन त्याने खोलीतलं कपाट उघडलं. गेल्या वर्षीची वही काढली आणि यॉस्टला एका गुणाने हरवलं होतं ते पान लावलं. रोडेलच्या नावापुढे चार चौकोनांत चार तिरक्या रेघा. पाचवा रिकामा. त्याच्या आधीचं वर्ष, पुन्हा यॉस्ट, पुन्हा एक गुण. दुसऱ्या एका पोराच्या नावापुढे चार रेघा, पाचवा रिकामा. पाच वर्षांपूर्वीचं. दहा. त्या वर्षी तर ती दोघं एकाच घरात राहत होती. व्हर्जिलने आनंदाने पानावर थाप मारली. हीच ती शिस्त!

जिन्यावर पोकॉर्नीच्या बुटांचा आवाज आला. आकडे नीट दिसावेत म्हणून व्हर्जिलने पान खिडकीसमोर धरलं. तिरपं ऊन कागदावर अडलं. फक्त त्या पाचव्या, रिकाम्या चौकोनात कागद खोडून खोडून इतका विरला होता, की तिथून ऊन आरपार येऊन त्याच्या डोळ्यांवर पडलं.