तानाबाईंचे पांढरे दात

मिशरीनं काळे पडलेले दात पांढरे करून घ्यायला कबनूरच्या तानाबाई कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आल्या.

"मावशी, या औषधानं दाढेतलं जुनं सिमेंट कडेनं सुटू शकतं. आत पाणी गेलं की ठणकेल. आणि नवं सिमेंट लगेच धरत नाही, दोन आठवडे थांबावं लागेल."

"ठणकू दे की. लेकाचं लगीन हाय. पावण्यांसमोर असलं तोंड उघडू नको म्हणतोय."

दात पांढरेशुभ्र झाले. चौथ्या दिवशी दाढ ठणकायला लागली. तानाबाईंनी गाल दाबून धरत दिवस काढले.

पंधराव्या दिवशी नवं सिमेंट भरून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लग्न कसं झालं, मावशी?"

"लई झ्याक झालं. लेक म्हणला, तू घरीच ऱ्हा. शेजारणीनं मोबाइलवर दाखवलं की."