सरळ रेघ

पुन्हा सरळ रेघच आली. लॅपटॉपच्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, इस्त्री फिरवल्यासारखी.

दोन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. दिवा लुकलुकताना दाखवणारा आलेख तीनच्या आत पाठवायचा, मग काम तिचं, तेही घरी बसून. कारखान्याचे मालक सकाळी फोनवर गोड बोलले होते, "ताई, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. पण तीन म्हणजे तीन. नाहीतर दुसरीकडे दिलं."

तो विश्वासाचा हात सध्या ठमीच्या मानेखाली अडकला होता. दात येताना किरकिरून किरकिरून अकरा महिन्यांची ठमी आत्ता कुठे आईच्या मांडीत झोपली होती. डावा हात तिला थोपटत होता. थोपटणं थांबलं की ठमीच्या भुवया वर जात. मग झटकन डावा हात उचलायचा, एक कळ दाबायची आणि भुवया वर जायच्या आत परत आणायचा. एवढ्यात एक कळ होते. दोन होत नाहीत.

रस्त्याच्या कामावर लावतात तो धोक्याचा दिवा होता. दोन बल्ब, आळीपाळीनं. एक पेटला की दुसरा विझणार, दुसरा पेटला की पहिला. सर्किट तसं सोपं. एक बाजू तिनं पहाटे काढली, तेवढ्यात ठमी उठली. मग दुसरी काढत कोण बसतंय? तीच बाजू उचलून तिनं शेजारी चिकटवून टाकली होती. आकडान् आकडा तोच. आणि आता दोन्ही बल्ब अर्धवट उजेडात एकमेकांकडे बघत गप्प उभे होते. चूक दाखवली असती तर तिनं शोधली असती. पण सर्किट पडद्यावरच चालवून बघणारं ते सॉफ्टवेअर दर वेळी एकच सांगत होतं, की चूक काही नाही.

सासूबाई उंबऱ्यात बसून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

"चालेना वाटतं? फुकटातलं आहे ना ते? मग असंच व्हायचं."

"फुकट असलं तरी चांगलं आहे, आई. लोकांनी मिळून केलंय. आपापली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, हौसेनं."

"हौसेनं!" सासूबाईंनी दुपटं झटकलं. "आणि त्यांची पोरं कोण थोपटत होतं तेव्हा?"

तिला हसू फुटलं. ठमीच्या भुवया हलल्या. तिनं हसू गिळून टाकलं.

तिच्या काम करण्याला घरात कुणाचीच ना नव्हती. नवरा म्हणाला होता, "तू म्हणशील तसं." सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी कुठे नको म्हणते? घेतलंही असतं तिला, पण माझ्याकडे रडते ना ती." सगळे असे समजूतदार, की भांडायचं तरी कुणाशी? आणि सकाळपासून ती याच खुर्चीत होती.

दोन चाळीस. तिनं पुन्हा कळ दाबली. पुन्हा रेघ. दोन बाजू, अगदी सारख्या. अगदी…

"आई गं!" ती पुटपुटली. नोकरीत असताना नव्यानं कामाला लागलेल्या पोरींना हे तिनंच तर कितीदा शिकवलं होतं.

"काय झालं?"

"दोन्ही बाजू इतक्या सारख्या काढल्यात मी, की आधी कोण हलणार तेच ठरत नाहीये. दोघी अडून बसल्यात."

"मग खरा दिवा तरी कसा चालतो?"

"खऱ्यात दोन बाजू सारख्या कधी असतात, आई? थोडा फरक असतोच. तेवढ्यावर सुरू होतं. इथे तो आपण लिहून द्यावा लागतो. एकीला सुरुवातीला किंचित ढकलायचं. एक ओळ आहे फक्त." तिनं ठमीच्या मानेखालच्या हाताकडे पाहिलं. "पण ओळ लिहायला हात लागतात."

सासूबाईंनी हातातली घडी पुरी केली. ती गठ्ठ्यावर ठेवली. मग तीच उचलून पुन्हा उलगडली आणि खांद्यावर टाकली.

"दे इकडे."

"रडेल ती."

"रडू दे. तू रडलीस तर ते माझ्याच्यानं बघवायचं नाही. दे."

ठमीनं डोळे उघडले, आजीला पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. सासूबाई तिला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं गेलं. दारामागून रडणं येतच राहिलं.

उजवा हात मोकळा झाला, पण आपला वाटेना. कोपरापासून मुंग्या. एका बोटानं टिपत टिपत तिनं ओळ लिहिली. दोनदा चुकली, दोनदा खोडली. रडण्याचा आवाज वर चढला. तिनं दाराकडे पाहिलं नाही. कळ दाबली.

एक रेघ वर उडाली. दुसरी खाली बसली. मग खालची वर, वरची खाली. एक, दुसरा. एक, दुसरा.

आलेख जोडून मेल गेला तेव्हा दोन छप्पन्न झाले होते. ती पडद्याकडे बघत बसली. घर केव्हा शांत झालं, ते तिला कळलंच नाही.

दार किलकिलं झालं. सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "झोपली गं. माझ्या खांद्यावरच झोपली."

"हं."

सासूबाई तिथेच थांबल्या. तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या.

"अगं, मग त्या टेबलाला काय थोपटत बसलीयस?"