उजव्या हाताची भिंत

उषाने पाण्यातून डोकं वर काढलं, तर वळसा घालायचा तो नारिंगी फुगा समोर नव्हताच. समोर काठ होता. शिट्टी वाजल्यावर ती जिथून पाण्यात शिरली होती तोच काठ, बराच लांब. फुगा पार पाठीमागे राहिला होता आणि बाकीचे पोहणारे त्याला वळसा घालून परतीला लागले होते.

एवढे हात मारले ते गेले कुठे, हे तिला कळेना. मग कळलं.

साक्रीला भावाच्या विहिरीत उषाला तोड नव्हती. बेचाळीस वर्षांची, कृषी कार्यालयातली कारकून बाई, पण आठ महिने रोज कामावर जायच्या आधी पन्नास फेऱ्या मारायची. शर्यतीत पुढे डोंगरातून सायकल हाणायची आणि मग पळायचं, त्याची तिला थोडी धास्ती होती. पोहण्याची अजिबात नव्हती. फक्त विहीर गोल असते. उजव्या हाताला भिंत ठेवायची आणि डावीकडे वळत राहायचं, एवढं अंगात मुरलं होतं. धरणाच्या या पाण्यात अशी भिंत नव्हती. अंग मात्र आपलं वळत राहिलं आणि बाईसाहेबांनी भर पाण्यात एक भलीमोठी फेरी मारून घेतली.

एरवी तिला स्वतःचंच हसू आलं असतं. पण पाय खाली सोडले तर पायाला काही लागेना. पाणी वर कोमट आणि गुडघ्याखाली गारढोण. विहिरीत दम लागला की कपारीला धरता यायचं. इथे धरायला काही नव्हतं. सातपुड्याकडून वारा सुटला होता. एक लाट नाकात गेली, दुसरी घशात. आपण आता मरणार, असं तिला वाटलं, आणि तिने हात वर केला.

सकाळी आयोजकांनी सगळ्यांना सांगितलंच होतं: घाबरलात तर हात वर करा, ट्यूबवाला येईल, त्याच्या ट्यूबला धरून दम खा.

ट्यूबवाला आला. ट्रकची काळी ट्यूब, तिच्यावर पोतं बांधलेलं, वल्हवायला हातात दोन फळ्या. बिजला त्याचं नाव, याच धरणात मासे धरणारा. जॅकेटं मोटरबोटीवाल्यांनाच पुरली होती, याला पिवळा टी-शर्ट मिळाला होता. उषाने ट्यूबवर झेप घेतली तसा तो फळी मारून मागे सरकला.

"धरू नका ताई! टूब उलटी जाई!"

"दादा, मी बुडतेय!"

"मीबी बुडसू. माले पव्हता येस नही."

उषा त्याच्याकडे बघतच राहिली. नाकातोंडात पाणी गेलं तरी बघत राहिली.

"तुम्ही... मासे धरता ना इथे?"

"टूबवर बशीसन धरस. आठे मनं वावर व्हतं ताई, पानी मांगतीन उनं." त्याचं शेत या पाण्याखाली गेलं होतं तर. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "त्यासनी इचारं, धरण माहीत शे का? मी सांगं, बठ्ठं माहीत शे. पव्हानं कोनी इचारंच नही."

तिला असा काही संताप आला की पाय आपोआप जोरात हलू लागले. शिव्या द्यायलाही दम लागतो, म्हणून त्या तिने गिळल्या. तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. पायाची बोटं त्याने पोत्यात घट्ट रुतवली होती.

"दादा," ती म्हणाली, "मी धरत नाही. तुम्ही फक्त माझ्या उजव्या हाताला राहा. भिंतीसारखे. फुग्यापर्यंत."

बिजलाने फुग्याकडे पाहिलं. "फुगाना पल्याड मी जास नही ताई. तठे भलतं खोल शे."

"फुग्यापर्यंतच."

ती निघाली. उजवीकडे तोंड करून श्वास घेतला की काळी ट्यूब दिसायची आणि तिच्यावर ती आवळलेली बोटं. ट्यूब दिसली की अंग सरळ जायचं. भीती तशीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती. पण आता ती दोघांत होती. एकदा लाट आली आणि ट्यूब तिरकी झाली, तेव्हा वरून एक बारीक, चिरका आवाज आला. उषाचा श्वास चुकला, पण तिने ट्यूबला हात लावला नाही. फुगा आला. त्याला वळसा घालताना तिने डोळे मिटून घेतले. बिजलानेही मिटले असावेत, कारण त्याची फळी दोनदा पाण्याऐवजी फुग्यावर आपटली.

परतीतही ट्यूब उजव्या हाताला राहिली, आणि काठाजवळ तिच्या पायाला चिखल लागला. इतका चांगला चिखल तिने जन्मात तुडवला नव्हता. ती कंबरभर पाण्यात उभी राहिली. काठावर तिचा भाऊ रोहिदास सायकल धरून नाचत होता.

"अक्का, चाल ना! बठ्ठा पुढे गयात!"

ती आभार मानायला मागे वळली. तेवढ्यात बोटीवरून शिट्टी वाजली. फुग्याच्या पलीकडे, खूप पलीकडे, वाट चुकलेल्या कोणाचा तरी हात वर आला होता.

बोट दुसऱ्या टोकाला होती. बिजलाने त्या हाताकडे पाहिलं. मग उषाकडे पाहिलं. पायाची बोटं पोत्यात पुन्हा नीट रुतवली आणि ट्यूब वळवली.

"अक्का!" रोहिदास ओरडला. "पानी तं संपनं! आते कसाले घाबरस?"

उषाचे दात वाजत होते. पिवळा टी-शर्ट फुग्याजवळ पोचला, तिथे क्षणभर थांबला, आणि पलीकडे गेला.