लंगडा पंप

"मॅडम, तुमचा पंप लंगडतोय," साहेब पाहुण्यांसमोरच म्हणाले, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

काचेच्या पट्टीत बारीक नळी, नळीला आतून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी, आणि त्यांच्यावरून रक्तासारखा द्रव ढकलणारा पंप. प्रवाह ठेक्यात असला की पेशी ओढ्यातल्या गवतासारख्या एका दिशेला झोपतात. मगच त्यांच्यावर नवं औषध सोडायचं. आज औषध कंपनीचे पाहुणे आले, आणि पेशी सुटीतल्या पोरांसारख्या अस्ताव्यस्त लोळलेल्या!

"मधेच ठोका गिळतोय हा," पाहुणा म्हणाला. "याच्या भरवशावर आमचं औषध तपासणार?"

"जेवणाच्या सुटीपर्यंत दुरुस्त झाला नाही," साहेब तिच्या कानाशी पुटपुटले, "तर काम गेलं. आणि कामाबरोबर तुम्हीही."

मान खाली घालायची तिला सवयच होती. रोज दुपारी नवरा डबा घेऊन यायचा तो घामाघूम, दर मजल्यावर कठड्याला टेकत. सगळी प्रयोगशाळा गालातल्या गालात हसायची.

"अहो, तीन जिन्यांना एवढा वेळ? गोगलगाय बरी!"

"गोगलगायीच्या हातात डबा नसतो," तो धापा टाकत म्हणायचा.

पंपाला खऱ्या माणसाची नाडी शिकवायची ठरली, तेव्हा हाच रिकामा बसलेला. तिनं त्याच्या बोटाला चिमटा लावला, ठोके टिपले आणि जसेच्या तसे पंपात भरले. "चला, नाडी तरी कामाला आली!" म्हणत चारचौघांना हसवलंही होतं. आज चारचौघे तिला हसत होते.

तिनं नळ्या धुतल्या, हवेचा बुडबुडा शोधला, झडप बदलली. पंप लंगडा तो लंगडाच. शेवटी लाज गिळून शेजारच्या विभागातून कोरा करकरीत पंप मागून आणला. नवऱ्याची तीच नाडी त्यात भरली आणि बटण दाबलं.

ठोके सुरू झाले. आणि नवा पंपही नेमका तिथंच अडखळला.

"यालाही तुमचा हातगुण लागला वाटतं!" साहेब कडाडले.

तिला ते ऐकूच गेलं नाही. खाली जिन्यात ओळखीची धाप वाजत होती. ती कठड्याकडे धावली.

"अहो, वर येऊ नका!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "आज तर बिचाऱ्याला जिन्यातूनच परत पाठवलं!"

"डबा ठेवा खाली," तिचा आवाज फाटला. "आहात तिथंच बसा. एक पायरीसुद्धा चढू नका. मीच येते खाली."