सोप्या भाषेत

विद्यापीठाने प्राध्यापक आणि पीएच.डी.वाल्यांसाठी 'संशोधन सोप्या भाषेत' अशी कार्यशाळा ठेवली होती. मी उठून माझा विषय मांडायला लागले, तर शिकवणाऱ्या बाईंनी मला मध्येच थांबवलं. "हे फक्त तुमच्या गाइडना कळेल." गाइड मागच्या रांगेत डुलक्या घेत होते, त्यामुळे तेही खात्रीने सांगता येत नव्हतं. "आज घरी आईला समजावून सांगा," बाई म्हणाल्या. "तिने स्वतःहून एक जरी प्रश्न विचारला, तर समजा जमलं."

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. "बरं झालं, इतकी वर्षं तिथे काय दिवे लावतेस ते एकदाचं कळेल तरी."

मी एकही जड शब्द न वापरता सांगत गेले. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणाच्या लवकर लक्षातच येत नाही. आधी एखादा हात नाहीतर पाय ढिला पडतो, मग बोलणं जातं, शेवटी श्वास. बरं करणारं औषध अजून सापडलेलं नाही, आम्ही तेच शोधतोय.

आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. ती आता काहीतरी विचारणार, हे दिसताच मी घाईघाईने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. उद्या बाईंना ऐकवता आलं असतं.



"म्हणजे हल्ली चालताना माझ्या डाव्या पायातली चप्पल निसटून मागेच राहते... ते यातलंच का गं?"