उदगीर स्टेशनचा चार्ज

मालगाडी उदगीरहून सुटली तेव्हा समोरून पॅसेंजर येत होती, आणि मधे रूळ एकच होता.

गुरुबसप्पांनी हात लांब करून भिंतीवरचं बटण दाबलं. टेबलावरची दोन्ही इंजिनं एकमेकांपासून वीतभर अंतरावर थांबली.

"लाईट गेली," गुरुबसप्पा म्हणाले.

पंचाक्षरींनी वर पाहिलं. "पंखा चालू हाय, अप्पा."

चाळीस वर्षं तुरीची आडत चालवलेल्या माणसाला एवढं साधं खोटंही रेटून नेता येऊ नये, याचं एरवी पंचाक्षरींना हसू आलं असतं.

गुरुबसप्पांच्या माडीवरची ही रेल्वे चौघांनी मिळून चार वर्षांत उभी केली होती. एका टोकाला लातूर रोड, दुसऱ्या टोकाला उदगीर. माडी गुरुबसप्पांची, वायरिंग वीज मंडळातून निवृत्त झालेल्या आनंदराजचं, डोंगर आणि झाडं शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या रेणुकाची, आणि कायदा पंचाक्षरींचा. खऱ्या रुळांवर त्यांनी चौतीस वर्षं स्टेशनमास्तरकी केली होती, तेव्हा इथलं उदगीर स्टेशनही त्यांच्याचकडे. दर रविवारी चारच्या ठोक्याला गाड्या सुरू होत. खालून चहासुद्धा वेळापत्रक बघून वर यायचा.

कायदा साधा होता. सुपारीएवढा एक लाकडी गोळा, त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं. गोळा ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचीच गाडी रुळावर. गोळा एकच असल्यामुळे दोन गाड्या समोरासमोर येणं शक्यच नव्हतं.

तो गोळा आत्ता पॅसेंजर चालवणाऱ्या गुरुबसप्पांच्या पुढ्यात होता.

"आनंदराज, मी तुला काय दिलं?" पंचाक्षरींनी विचारलं.

मालगाडीच्या ड्रायव्हरनं मूठ उघडली. आत सुपारी होती. मास्तरांच्या खिशातली, अख्खी.

"चूक माझीबी हाय मास्तर," आनंदराज म्हणाला. "ड्रायव्हरनं गोळ्यावरचं नाव वाचून घ्यायचं असतंय. म्या वाचलंच न्हाई."

"का न्हाई वाचलं?"

आनंदराजनं सुपारी टेबलावर ठेवली.

"मी दिला म्हणून न्हाई वाचलंस."

"जाऊ द्या हो मास्तर," गुरुबसप्पा मधे पडले. "शेवटी खेळण्यातलीच गाडी हाय की."

या माडीवर 'खेळणं' म्हणेल त्यानं सगळ्यांना भजी खाऊ घालायची, असा दंड होता. तो ठरवला गुरुबसप्पांनीच आणि वसूलही तेच करत. त्यांच्याच तोंडून तो शब्द आला आणि पंचाक्षरींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागच्या रविवारी सिग्नल न देताच गाडी आत घेतली, तेव्हा हेच 'बल्ब उडाला' म्हणाले होते. ही माणसं आपल्याला सांभाळून घेऊन राहिलीत. कधीपासून कोण जाणे.

राग आला नाही. भीती वाटली. घरी चष्मा सापडत नाही, जावयाचं नाव वेळेवर आठवत नाही, ते चालून जातं. पण गोळा हातात नसताना गाडी सोडायची? चौतीस वर्षांत, तापानं फणफणलेले असतानाही, हे त्यांच्या हातून झालं नव्हतं.

त्यांनी ड्युटीची वही ओढली आणि ठळक अक्षरात लिहिलं : 'चार वाजून वीस मिनिटं. गोळा न देता मालगाडी सोडली. चूक स्टेशनमास्तरची.' मग एक ओळ सोडून : 'चार्ज दिला.' खाली सही ठोकली आणि वही रेणुकाकडे सरकवली.

"घे पोरी. चार्ज घेतला म्हणून लिही."

"काका, मी फाटकवाली. मला स्टेशन कुठं येतंय?"

"चार वर्षं माझी बडबड ऐकून राहिलीस. लई चांगलं येतंय."

रेणुकानं दोघांकडे पाहिलं. गुरुबसप्पा उगाच रूळ पुसत होते. आनंदराज त्या सुपारीकडे बघत बसला होता. तिनं लिहिलं, सही केली आणि न सांगता पुढं वेळ घातली. पंचाक्षरींना त्याही अवस्थेत बरं वाटलं.

ते उठले. मास्तरांची खुर्ची त्यांनी टेबलाला नीट लावली आणि जिन्याशी जाऊन चप्पल शोधू लागले. पुढच्या रविवारी चार वाजता माणसानं करायचं काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. मागं दोन्ही गाड्या हातानं उचलून आपापल्या स्टेशनात नेऊन ठेवल्याचे आवाज आले. खुर्ची सरकली.

"काका," रेणुका म्हणाली. तिची नजर वहीतच होती. "फाटकावर कोण हाय?"

"कोणी न्हाई. तू इथं आलीस ना."

"मग मला गाडी सोडता येत न्हाई. कायदा हाय."

पंचाक्षरी पायात एकच चप्पल घालून उभे राहिले. कायदा होता खरा. त्यांनीच केलेला.

ते परत आले आणि फाटकाशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसले. गुडघे पार हनुवटीला लागले. रेणुकानं गोळा आनंदराजच्या हातात दिला आणि घंटी वाजवली. पंचाक्षरींनी बोटानं फाटक खाली केलं आणि बोट तिथंच ठेवलं. मालगाडी आली आणि नाकासमोरून हळूहळू गेली. त्यांनी डबे मोजले. शेवटचा डबा पुलापलीकडे गेला तरी बोट हललं नाही.

मग चौतीस वर्षं दुसऱ्यांना परवानगी देत आलेला तो माणूस स्टुलावरून म्हणाला,

"मॅडम, फाटक उघडू का?"